मूल ठेवायचे की टाकायचे? व्हायकिंग काळातल्या कुटुंबाची पार्श्वभूमी

व्हायकिंग काळातले, म्हणजे ८व्या ते ११व्या शतकातल्या स्कँडिनेव्हियन समाजातले बालपण म्हटले की संग्रहालयातली खेळणी समोर येतात. ट्राँडहेम, डब्लिन आणि रशियातले स्टाराया लाडोगा इथल्या ओल्या मातीत लाकूड टिकले, म्हणून घोडे, होड्या, लुटुपुटूच्या तलवारी आज काचेमागे पाहायला मिळतात. इंग्लंडच्या प्राथमिक अभ्यासक्रमात हा काळ शिकवला जातो, त्यामुळे तिथल्या मराठी घरांतही एखादी पुठ्ठ्याची ढाल करून झालेली असते. पण तलवार हातात येण्याच्या कितीतरी आधी मुलाचा एक निकाल लागलेला असे. त्या निकालाविषयी संग्रहालयाच्या पाट्या फारसे बोलत नाहीत.

मूल जन्मले की ते घरच्या कर्त्या पुरुषापुढे नेत. त्याने ठेवून घ्यायचे म्हटले, तर पाणी शिंपडून नाव ठेवले जाई. नाव बहुधा आजोबा-आजीचे किंवा नुकत्याच वारलेल्या नातलगाचे असे. नाव पडल्यावर मुलाला मारणे हा खून ठरे. त्याआधी मात्र त्याला उघड्यावर नेऊन टाकायला मुभा होती. हा विधी आपल्यापर्यंत पोहोचला तो १२व्या-१३व्या शतकातल्या ख्रिस्ती लेखकांच्या हातून, तेव्हा त्यातल्या पाण्याला बाप्तिस्म्याचा रंग चढला असण्याची शक्यता आहे. मूल टाकण्याच्या प्रथेबाबत मात्र असा संशय घ्यायला फारशी जागा नाही. ती प्रथा एका राजकीय तडजोडीतच नोंदलेली आहे.

ही तडजोड इ.स. १०००ची, काहींच्या हिशेबाने ९९९ची. आइसलँडमधल्या थिंगवेट्लिरला उन्हाळ्यात देशाची सभा भरे. त्या वर्षी तिथे ख्रिस्ती आणि जुन्या धर्माचे असे दोन तट समोरासमोर उभे होते. नॉर्वेच्या राजाने आइसलँडच्या बड्या घरांतले तरुण ओलीस धरले होते. निवाडा सभेत कायदा सांगणाऱ्या पुरुषावर सोपवला गेला. तो स्वतः जुन्या धर्माचा. अंगावर पांघरूण ओढून तो एक दिवस आणि एक रात्र पडून राहिला, मग उठून त्याने सांगितले की कायदा एकच हवा, सर्वांनी बाप्तिस्मा घ्यावा. पुढे अपवाद: मुले टाकण्याबाबत आणि घोड्याचे मांस खाण्याबाबत जुना कायदा चालू राहील. बळी द्यायचा तर गुपचूप द्यावा, साक्षीदार निघाले तर तीन वर्षांची हद्दपारी.

सव्वाशे वर्षांनंतर एका पुरोहिताने लिहिलेल्या छोट्याशा इतिहासात हे आहे. अपवादांना एक-दोन वाक्ये मिळाली आहेत, आणि लागलीच सांगून टाकले आहे की काही वर्षांत हेही जुने प्रकार मोडीत निघाले. अभ्यासकांचे भांडण या दोन-चार ओळींवरच आहे. एका बाजूच्या मते हा तोंडदेखला अपवाद होता. प्रथा मरायलाच टेकली होती, जुन्या पक्षाचे मन राखायला तिचा उल्लेख केला, एवढेच. मला हे पटत नाही. मन राखायचेच असते तर मंदिरे आणि मूर्ती मागून घेतल्या असत्या. मागितले काय, तर घोड्याचे मांस आणि मूल टाकण्याची मुभा. दोन्हींचा संबंध थेट पोटाशी. उन्हाळा आखूड, धान्य बेताचे, आणि हिवाळ्यात किती जनावरे जगतील ते सुक्या गवताच्या गंजीवर ठरायचे. अशा शेतघरात खाणारी तोंडे मोजलेली असत. रोमच्या चर्चला घोड्याचे मांस खपत नव्हते, गरीब घराला ते सोडणे परवडत नव्हते. मुलांचा हिशेबही त्याच वहीतला.

दुसरा वाद मुलींचा. १९८०च्या दशकाच्या अखेरीस एका अमेरिकन अभ्यासिकेने मांडले की टाकल्या जाणाऱ्यांत मुली जास्त असत, त्यातून लग्नाच्या मुली कमी पडत. तरुण लुटीला बाहेर पडत ते यामुळेच, असा दुवाही त्याला जोडला गेला. स्मशानांत स्त्रियांची थडगी कमी सापडतात, हा त्यातला मोठा आधार. मांडणी इतकी सुटसुटीत आहे की ती अजून लेखांतून फिरते. पण थडगे स्त्रीचे की पुरुषाचे हे पूर्वी बहुतेक वेळा आतल्या वस्तूंवरून ठरवत: तलवार असली की पुरुष, चातीचे दगड असले की बाई. स्वीडनमधल्या बिर्का इथले शस्त्रांनी भरलेले एक थडगे शतकभर सेनानीचे म्हणून मिरवले आणि २०१७ साली डीएनए तपासल्यावर बाईचे निघाले. मोजणीच अशी कच्ची असेल, तर तिच्यावर वधूंच्या तुटवड्याचा इमला चढवणे धाडसाचे आहे.

मुलींना धोका अधिक होता, असे साहित्य मात्र सुचवते. एका सागेत, म्हणजे आइसलँडच्या जुन्या गद्यकथेत, बाप उन्हाळी सभेला निघताना बजावून जातो की मुलगी झाली तर टाकायची. आई तिला गुपचूप नातलगांकडे पोहोचवते आणि मुलगी पुढे देखणी म्हणून नाव कमावते. वाचलेल्या मुलीची कथा झाली, न वाचलेलीची होणे शक्यच नव्हते. ९६५च्या सुमारास स्पेनमधून हेडेबी या डेन्मार्कच्या तेव्हाच्या व्यापारी गावाला आलेल्या, अरबीत लिहिणाऱ्या एका प्रवाशानेही लिहिले आहे की पोसण्याचा खर्च टाळायला इथे नवजात बाळे समुद्रात टाकतात. त्याला तिथले गाणेही कुत्र्याच्या भुंकण्यापेक्षा वाईट वाटले होते, तेव्हा त्याची साक्ष जरा बेतानेच घ्यावी. याच प्रवाशाने तिथली बाई मनात येईल तेव्हा नवरा सोडू शकते, हेही नोंदवले आहे.

ठेवून घेतलेल्या मुलाचे पुढचे आयुष्य लांबट घरात, मधल्या चुलीच्या धुरात जाई. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर बसणे, जेवणे, झोपणे आणि काम. काम म्हणजे मुख्यतः लोकर: पिंजायची, विंचरायची, कातायची, उभ्या मागावर विणायची. मोठ्या लढाऊ जहाजाच्या शिडाला १०० चौरस मीटरहून जास्त कापड लागे. ते सूत घरोघरच्या बायका-मुलींनी कातलेले असे, हे जहाजांच्या कौतुकात राहून जाते. जेवायला सातूची भाकरी किंवा लापशी, सुका मासा, लोणी, स्किर हा दह्यासारखा पदार्थ. पोटात जंत तर होतेच; यॉर्कमध्ये १९७२ साली सापडलेल्या अश्मीभूत विष्ठेत त्यांची अंडी भरलेली होती.

पुष्कळ मुले जन्मघरी वाढतही नसत. बडा माणूस आपला मुलगा कमी दर्जाच्या घरी वाढायला देई. त्यातून दोन घरे बांधली जात आणि पालनकर्त्याचा मान वाढे. दासीच्या पोटी आलेल्या मुलाची गोष्ट वेगळी. बापाने मोकळे केले नाही तर ते दासच. आजच्या आइसलँडकरांच्या डीएनएमध्ये आईकडून आलेल्या वंशरेषा निम्म्याहून अधिक ब्रिटिश बेटांतल्या आहेत, तर बापाकडून आलेल्या बहुतांश स्कँडिनेव्हियातल्या. त्यातल्या किती आया राजीखुशीने आल्या, हे डीएनए सांगत नाही. मुकी समजून विकत घेतलेली एक दासी आपल्या मुलाशी एकांतात बोलताना सापडते आणि आयरिश राजकन्या निघते, असा प्रसंग एका सागेत आहे. घरात दोन भाषा असल्याची ती खूण म्हणता येईल.

आइसलँडमधली मुले टाकण्याची मुभा रद्द झाली ती नॉर्वेच्या पुढच्या एका राजाच्या दबावाने, असे नंतरच्या सागा सांगतात. नुसत्या बंदीने धान्य काही वाढत नाही. खरा फरक पडला असेल तर तो १०९७च्या सुमारास तिथे लागू झालेल्या चर्चच्या दशांश कराने. त्यातला चौथा हिस्सा गरिबांसाठी राखलेला होता. निदान वीस शेतकऱ्यांचा एक गट आपल्या हद्दीतल्या निराधारांची जबाबदारी घेई आणि पोसता न येणारी मुले आधी नातलगांत वाटली जात. नॉर्वेत तर ख्रिस्ती कायद्यातही एक फट उरली. चेहरा मानेच्या जागी किंवा टाचा बोटांच्या जागी, असे व्यंग घेऊन आलेले मूल चर्चमध्ये नेऊन बाप्तिस्मा द्यावा आणि तिथेच मरू द्यावे, असे तिथल्या पश्चिम किनाऱ्यावरचा कायदा सांगतो.

१९व्या शतकात राष्ट्रवादाच्या लाटेत स्कँडिनेव्हियाने हा काळ डोक्यावर घेतला. गोष्टींच्या पुस्तकांत दाढीवाला बाप, किल्ल्यांचा जुडगा लावलेली आई आणि धीट मुलगा असे चित्र ठरून गेले. त्यात टाकलेले मूल बसत नव्हते. आजची संग्रहालये गुलामीबद्दल पूर्वीपेक्षा मोकळेपणी बोलतात, पण या विषयावर अजून आवाज खाली येतो. शाळेच्या सहलीसमोर काय सांगायचे, ही त्यांची अडचण समजण्यासारखी आहे.

अलीकडे दातांच्या आवरणातल्या प्रथिनांवरून अर्भकाचे लिंग ओळखता येते, जे हाडांवरून जमत नसे. आइसलँडमध्ये ख्रिस्ती काळातल्या शेतघरांलगतच्या दफनभूमींत तान्ह्यांची थडगी पुष्कळ आहेत, त्यामुळे तिथे ही मोजणी होऊ शकते. त्याआधीच्या थडग्यांत मात्र तान्ही मुले जवळजवळ नाहीतच. वाद त्या आधीच्या काळाचा आहे, आणि तपासायला लागणारे दात नंतरच्या काळातले मिळतात.