‘हॉटेलवर पैसे द्या’ म्हणजे मोफत रद्द नव्हे

पैसे हॉटेलवर पोहोचल्यावर द्यायचे असले, की बुकिंग कधीही फुकटात रद्द करता येतं, हा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो चुकीचा आहे. पैसे कधी द्यायचे आणि रद्द कधीपर्यंत करायचं, या दोन वेगळ्या अटी आहेत. मुदत टळली, तर बुकिंग करताना दिलेल्या कार्डावरून एका रात्रीचं किंवा पूर्ण मुक्कामाचं भाडं कापलं जाऊ शकतं. शिवाय ही मुदत सहसा हॉटेल असलेल्या गावच्या घड्याळावर चालते. टोकियोतली रात्री ११:५९ ची मुदत आपल्याकडे ८:२९ लाच संपते! जेवणं उरकून निवांत रद्द करू म्हणणारे इथेच फसतात. व्हिसा अजून हाती नसेल, तर थोडं महाग पडलं तरी रद्द करता येणारंच बुकिंग घ्या. स्वस्त ‘नॉन-रिफंडेबल’, म्हणजे रद्द केल्यास पैसे परत न मिळणाऱ्या, दरात तारीख बदलून मिळणंही बहुधा हॉटेलच्या मर्जीवरच असतं.