बफेलो: माल उतरवण्यावर उभं राहिलेलं शहर

नायगाराकडे निघालेले बरेच जण वाटेत अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोत तासाभरापुरतेच थांबतात. तेवढ्यात एकच जागा बघायची तर बफेलो नदीकाठची धान्याची कोठारं बघावीत. खिडकी नाही, नक्षी नाही, नुसत्या काँक्रीटच्या प्रचंड नळकांड्यांच्या रांगा. त्यातली बरीचशी आज रिकामी आहेत.

१८२५ साली ईरी कालवा खुला झाला. न्यूयॉर्क शहरापाशी समुद्राला मिळणारी हडसन नदी ईरी सरोवराला जोडली गेली आणि कालव्याचं पश्चिमेकडचं टोक बफेलोला आलं. कालवा मात्र जेमतेम चार फूट खोल. सरोवरातली जहाजं त्यात शिरत नव्हती आणि खेचरांनी ओढायच्या होड्यांचा सरोवरात निभाव लागला नसता. त्यामुळे पश्चिमेचा गहू इथे उतरवून पुन्हा भरण्यावाचून गत्यंतर नव्हतं. इतरांची ही अडचण बफेलोच्या पथ्यावर पडली.

सुरुवातीला हे काम मजुरांच्या पाठीवर चाले, बहुतेक आयरिश. एक जहाज रिकामं करायला दिवसच्या दिवस जात. १८४२ मध्ये व्यापारी जोसेफ डार्टने अभियंता रॉबर्ट डनबारला हाताशी धरून वाफेवर चालणारं कोठार उभारलं. पट्ट्यावर बसवलेल्या बादल्या जहाजाच्या पोटात उतरत आणि रहाटगाडग्यासारखं धान्य वर उपसत. तरी तळाशी उरलेलं धान्य फावड्याने पुढे ओढायला माणसं लागतच. हे ‘स्कूपर’ एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत कामावर होते.

लाकडी कोठारं सारखी पेटत, म्हणून पोलाद आणि मग काँक्रीट आलं. वॉल्टर ग्रोपियस आणि ल कॉर्ब्युझिए या वास्तुरचनाकारांनी अमेरिकेतल्या अशा कोठारांचे फोटो छापून त्यांना आधुनिक वास्तुकलेचे आदर्श ठरवलं. बांधणाऱ्यांना फक्त गहू कोरडा ठेवायचा होता!

१८९६ मध्ये नायगाराची वीज शहरात आली. १९०१ च्या पॅन-अमेरिकन प्रदर्शनात हजारो दिवे झगमगले, पण तिथेच गोळी लागलेल्या अध्यक्ष मॅकिन्लींवर शस्त्रक्रिया करताना डॉक्टरांना आरशाने सूर्यप्रकाश वळवून घ्यावा लागला.

पुढे माल उतरवून पुन्हा भरण्याची अडचणच दूर झाली. कॅनडातल्या वेलँड कालव्याचं रुंदीकरण १९३२ मध्ये पुरं झालं आणि १९५९ मध्ये सेंट लॉरेन्स जलमार्ग खुला झाला. मोठी जहाजं आता बफेलोला वळसा घालून थेट समुद्र गाठू लागली. दोष एकट्या जलमार्गाला देणं मात्र बरोबर नाही. महामार्ग झाले, मध्यमवर्ग उपनगरांत गेला, आणि शेजारच्या लॅकवानात बेथलेहेम स्टीलने १९८३ मध्ये पोलाद बनवणं थांबवलं. १९५० ची ५,८०,१३२ लोकसंख्या २०१० पर्यंत २,६१,३१० वर आली. २०२० च्या जनगणनेत ती पुन्हा थोडी वाढली.

जनरल मिल्स या खाद्यपदार्थ कंपनीचा कारखाना अजून चालू आहे आणि वारा तिकडून असला की शहरभर चीरिओज या तिच्या न्याहारीच्या सिरीयलचा वास येतो. ‘सायलो सिटी’तल्या जुन्या कोठारांत कवितावाचनं होतात. १८९७ चं, विटांच्या भिंतींआड पोलादी कोठ्या असलेलं ‘ग्रेट नॉर्दर्न’ मात्र आता बघायला मिळणार नाही. डिसेंबर २०२१ च्या वादळात त्याची एक भिंत ढासळली आणि विरोध झाला तरी पुढे ते पाडण्यात आलं.