रेडिएटर बदलण्याआधी हवेचा रस्ता तपासा

रोजच्या वापरात वर्षानुवर्षं एकदाही न तापलेली गाडी ट्रॅकवर नेली, की काही लॅपमध्येच तापू लागते. टर्बो बसवून किंवा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) रीमॅप करून ताकद वाढवलेली असेल तर आणखी लवकर. रस्त्यावर इंजिनाची पूर्ण ताकद आपण काही क्षणच वापरतो. ओव्हरटेक झाला, की पाय सैल पडतो. ट्रॅकवर मात्र लॅपचा मोठा भाग थ्रॉटल पूर्ण दाबलेला असतो. पेट्रोल जळून निघालेल्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग कामी येतो, तेवढाच एक्झॉस्टमधून बाहेर पडतो आणि उरलेला बहुतेक सगळा कूलंटच्या, म्हणजे इंजिनातून फिरून त्याला थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, गळ्यात पडतो. सुमारे 200 हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण जोरात असताना ही उष्णता 100 किलोवॉटच्या घरात जाते.

रेडिएटर, म्हणजे कूलंटला हवेने थंड करणारी जाळी, किती उष्णता बाहेर टाकणार, हे कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. बाहेर 30 अंश असताना कूलंट 100 अंशांवर स्थिरावत असेल, तर फरक 70 अंशांचा. आता इंजिनाची उष्णता 20 टक्क्यांनी वाढवली, तर तोच रेडिएटर ती बाहेर टाकण्यासाठी 84 अंशांचा फरक मागेल, म्हणजे कूलंट 114 वर जाईल. काही न बदलता नुसता दिवस 10 अंशांनी गरम निघाला, तरी कूलंटही जवळपास तेवढंच वर सरकतं. म्हणूनच कमी तापमानाला उघडणारा थर्मोस्टॅट (कूलंटला रेडिएटरकडे जाऊ देणारी झडप) घालून ट्रॅकवर फारसं काही साधत नाही. थर्मोस्टॅट पूर्ण उघडल्यानंतर तापमान त्याच्या हातात उरतच नाही.

धोक्याची रेषा उकळण्याची. अर्धं पाणी आणि अर्धं इथिलीन ग्लायकॉल हे मिश्रण उघड्यावर साधारण 107 अंशांना उकळतं; रेडिएटरच्या झाकणाने एक बारच्या वर दाब धरून ठेवला, की ती मर्यादा 125 च्या आसपास जाते. पण मीटर दाखवतो तो एका जागेचा आकडा. सिलिंडर हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हजवळचा धातू त्याहून पुष्कळ गरम असतो, आणि तिथे बारीक बुडबुडे आधीच उठत असतात. ते सुटून विरत राहिले तर उष्णता उचलायला मदतच करतात. मात्र त्यांचा सलग थर धातूला चिकटला, की पाण्याचा स्पर्श तुटतो, धातूचं तापमान एकदम उसळतं, हेड वाकतं आणि त्याखालची सीलबंद ठेवणारी पट्टी, गॅस्केट, जाते. त्यामुळे 105 वर स्थिर राहिलेली गाडी मला चालते. पण प्रत्येक लॅपला दोन-दोन अंश चढत 110 ला पोचलेली गाडी मी आत घ्यायला सांगेन.

‘पाणी फार वेगाने फिरलं तर रेडिएटरमध्ये थंड व्हायला वेळ मिळत नाही’ हा समज मात्र चुकीचा आहे. सेकंदाला तीन लिटर कूलंट 100 किलोवॉट उष्णता वाहून नेत असेल, तर ते रेडिएटरमधून जाताना सुमारे 9 अंशांनीच थंड होतं. प्रवाह दुप्पट केला तर साडेचार अंशांनी. पण फेऱ्याही दुप्पट होतात आणि अख्खा रेडिएटर अधिक गरम राहून हवेला जास्त उष्णता देतो. थर्मोस्टॅट काढून टाकल्यावर काही गाड्या खरंच जास्त तापतात, पण त्याचं कारण वेगळं असतं. अनेक इंजिनांत तोच थर्मोस्टॅट उघडताना बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करतो. तो काढला, की काही कूलंट रेडिएटरला वळसा घालून गरमच परत येतं.

खरी मेख हवेत आहे. 100 किलोवॉट उष्णता घेऊन हवा 40 अंशांनी तापणार असेल, तर दर सेकंदाला अडीच किलो, म्हणजे दोन घनमीटरहून जास्त हवा रेडिएटरच्या जाळीतून गेली पाहिजे. हवा नेहमी सोपी वाट धरते. इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) बसवताना बंपर आणि रेडिएटर यांच्यामधल्या प्लास्टिकच्या नाहीतर रबराच्या पट्ट्या काढून टाकलेल्या असतात. मग हवा जाळीत शिरण्याऐवजी बाजूच्या फटींतून निसटते. शिवाय इंटरकूलरने तापवलेली हवाच रेडिएटरच्या वाट्याला येते. या फटी अॅल्युमिनियमच्या पत्र्याने आणि फोमने बंद करणं हे माझ्या मते पहिलं काम. जाड रेडिएटर त्यानंतर. फटींपाशी लोकरीचे चार बोटं लांब धागे चिकटवा, कॅमेरा लावून एक फेरी मारा. धागे कुठे ओढले जातात आणि कुठे उलटे फडफडतात, ते स्पष्ट दिसतं.

आत आलेली हवा बाहेरही पडायला हवी. बॉनेटखाली दाब साचला, तर समोरून कितीही हवा आली तरी जाळीतून जाणार नाही. बॉनेटच्या पुढच्या भागात, रेडिएटरच्या थोडं मागे, बाहेरून वाहणाऱ्या हवेचा दाब कमी असतो. झरोके तिथे पाडावेत. बॉनेटची मागची कड वॉशर घालून उचलण्याची पद्धत मला पटत नाही, कारण विंडशील्डच्या पायथ्याशी हवा अडते आणि तिथे दाब उलट वाढलेला असतो.

हे शास्त्र विमानांसाठी आधीच अभ्यासलं गेलं होतं. 1935 साली इंग्लंडमध्ये फार्नबरो इथल्या विमान-संशोधन केंद्रात अभियंता मेरेडिथ यांनी बंदिस्त नळीतल्या रेडिएटरचं गणित मांडलं. हवेची वाट रेडिएटरपर्यंत रुंद होत गेली, तर हवा मंदावते आणि तिचा दाब वाढतो. जाळीतून ती सावकाश जाते आणि गाडीला होणारा अवरोधही कमी राहतो. म्हणून बंपरमधलं तोंड रेडिएटरपेक्षा बरंच लहान असलं तरी चालतं, मधली नळी सगळीकडून बंद हवी.

साध्या गाडीच्या तापमानाच्या काट्यावर विसंबू नका. अनेक गाड्यांत तो मुद्दाम मधोमध थोपवलेला असतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. ओबीडीवरून (गाडीच्या संगणकातली माहिती वाचण्याच्या जोडणीवरून) खरा आकडा पाहता येतो, पण होज (कूलंटची रबरी नळी) फुटून कूलंट गेलं, तर कोरडा पडलेला सेन्सर तापमान उतरल्याचंही दाखवू शकतो. त्यासाठी कूलंटच्या दाबाचा सेन्सर लावावा. गरम इंजिनात दाब अचानक पडला, तर गळती आहे. आणि थंड इंजिन सुरू करताच दाब झपाट्याने चढला, तर सिलिंडरमधला वायू गॅस्केटमधून कूलंटमध्ये शिरतो आहे.