देवगिरी वेगळी, खडकी वेगळी

‘तुघलकाने दिल्लीहून राजधानी औरंगाबादला आणली’ आणि ‘औरंगाबाद औरंगजेबाने वसवलं’ ही दोन वाक्यं नेहमी ऐकू येतात. दोन्ही चुकीची आहेत. एकमेकांपासून पंधरा-सोळा किलोमीटरवरच्या दोन गावांचा इतिहास आपण एकात कालवून ठेवला आहे.

देवगिरी ही यादवांची राजधानी. बाराव्या शतकात पाचव्या भिल्लमाच्या काळात ती नावारूपाला आली. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने रामदेवरायाला गाठलं ते इथेच, आणि १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दौलताबाद म्हणून राजधानी केली तीही हीच. तासलेला कडा, खंदक, ‘अंधारी’ म्हणजे काळोखा भुयारी मार्ग अशी इथली सगळी रचना शत्रूला अडवण्यासाठी आहे. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी याच किल्ल्यावर राहिले, त्यांची समाधीही इथेच आहे.

आजचं शहर मात्र खाम नदीकाठच्या खडकी गावातून वाढलं. शेजारच्या डोंगरातली बौद्ध लेणी फार जुनी आहेत, पण राजधानीचं शहर इथे वसवलं ते निजामशाहीच्या हबशी वजिराने, मलिक अंबरने, १६१० मध्ये. माझ्या मते त्याचं सर्वांत मोठं काम म्हणजे नहर. डोंगराच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालून, नुसत्या उतारावर, वस्तीपर्यंत आणून त्याने शहर जगवलं. भडकल दरवाजाही त्याचाच. त्याच्या मुलाच्या, फतेहखानाच्या नावावरून १६२६ मध्ये शहर फतेहनगर झालं. औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आला तेव्हा, १६५३ मध्ये, त्याने आपलं नाव दिलं. मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने तटबंदी उभी राहिली ती आणखी तीसेक वर्षांनी. पुढे हैदराबादच्या निजामाची राजधानीही काही काळ इथेच होती.

नावाचा वादही दोन्हीकडे सारखा नाही. दौलताबादला देवगिरी म्हटलं की जुनं नाव परत येतं, त्याला यादवकाळाचा पुरावा आहे. छत्रपती संभाजीनगरचं तसं नाही. १९८८ मध्ये बाळासाहेब ठाकरेंनी ‘संभाजीनगर’ जाहीर केलं आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘छत्रपती संभाजीनगर’ या नावाला केंद्राची मंजुरी मिळाली. औरंगजेबाच्या हुकमाने ज्यांचा छळ करून वध झाला, त्या राजाचं नाव औरंगजेबाच्या नावाच्या जागी आलं. हा सन्मान आहे आणि सन्मान म्हणूनच तो सांगावा. त्यासाठी ‘मूळ नाव परत आणलं’ असा खोटा आधार देण्याची गरज नाही. मूळ नाव खडकी होतं. आणि ज्याने पाणी आणून शहर वसवलं, त्या मलिक अंबरचं नाव या सगळ्या भांडणात कोणत्याच बाजूने फारसं घेतलं गेलं नाही.