स्पर्धेतील घोडे : औषधोपचाराचे नियम

ऑलिंपिक व इतर आंतरराष्ट्रीय अश्वारोहण स्पर्धांत उतरणाऱ्या घोड्यांवर कोणते उपचार केव्हा करता येतात, हे ठरवणारी नियमावली. ती आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाची (स्थापना १९२१, मुख्यालय लोझान) आहे. शर्यतींचे नियम वेगळे. महालक्ष्मी व पुणे येथील शर्यती रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या नियमांनी चालतात.

आजारी घोड्याला औषध देणे हा गुन्हा नव्हे. औषधाचा अंमल असताना त्याला मैदानात उतरवणे हा गुन्हा आहे. पाय दुखतो हे घोडा सांगू शकत नाही, तो लंगडतो. वेदनाशामकाने ते लंगडणेच झाकले, तर दुखावलेल्या पायावर तो दीड मीटरचा अडथळा ओलांडायला जातो आणि कायमचा अधू होऊ शकतो. म्हणून नियमावलीतील पदार्थांच्या यादीचे दोन भाग आहेत : खेळाच्या घोड्यात कधीच आढळू नयेत असे निषिद्ध पदार्थ, आणि उपचारात नेहमी लागणारी, पण स्पर्धेच्या वेळी शरीरात नसावीत अशी नियंत्रित औषधे.

खरी कसोटी औषध शरीरातून जाईपर्यंतचे दिवस मोजण्याची. पागेत ‘ब्यूट’ म्हणून ओळखले जाणारे फिनाइलब्युटाझोन हे वेदनाशामक घोड्याच्या शरीरात सुमारे ७ दिवस सापडू शकते. मात्र हा आकडा मोजक्या घोड्यांवरील चाचण्यांतून आलेला असतो. मात्रा, वजन आणि प्रकृती पाहून त्यात किती दिवसांची भर घालायची, हे पशुवैद्याने ठरवायचे असते. रक्त-लघवीत औषध सापडले, तर हेतू काय होता हे न पाहता प्रथम घोडेस्वार जबाबदार धरला जातो. हे कठोर आहे, पण मोतद्दाराकडे बोट दाखवून सुटण्याची वाट त्यामुळे बंद होते. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये जर्मन घोडेस्वार लुडगर बेअरबाउमच्या गोल्डफीव्हर या घोड्याला त्वचेच्या मलमातले बीटामेथासोन हे स्टेरॉइड भोवले आणि जर्मनीचे सांघिक सुवर्ण गेले.

२००८ साली बीजिंग ऑलिंपिकच्या हाँगकाँगमध्ये झालेल्या अश्वारोहण स्पर्धांत चार घोड्यांत कॅप्सेसिन आढळले. मिरचीला तिखटपणा देणारा हाच पदार्थ. तो वेदना कमी करतो. शिवाय पायाला चोळल्यास कातडी हुळहुळी होते आणि अडथळ्याला पाय लागू नये म्हणून घोडा उंच उडतो. दुसरा उपयोग तर निव्वळ क्रौर्य. या प्रकरणात नॉर्वेने सांघिक कांस्यपदक गमावले.

स्पर्धेदरम्यान उपचाराची गरज पडल्यास अधिकृत पशुवैद्याची लेखी परवानगी लागते. २००९ मध्ये ब्यूटच्या अल्प प्रमाणाला मुभा देण्याचा ठराव महासंघाच्या सभेत संमत झाला होता. तीव्र विरोधामुळे तो अमलात आला नाही.