घटस्फोट झाला म्हणून घर आपोआप अर्धं होत नाही

“घटस्फोट झाला की नवऱ्याच्या घरातला अर्धा वाटा कायद्यानेच बायकोचा,” हा मेसेज अनेक वर्षं फिरतोय. त्या भरवशावर कुणी पोटगीचा अर्ज नीट करतच नाही, म्हणून काळजी वाटते.

महाराष्ट्रात लग्नामुळे मालकी बदलत नाही. घर एकट्याच्या नावावर असेल तर सहसा त्याचंच. दोघांच्या नावावर असेल तर एकाच्या सहीने अख्खं घर विकता येत नाही. हप्ते कुणी भरले यावरून वाट्याचा वाद होतो, तेव्हा बँकेचे उतारे जपून ठेवा.

नाव नाही म्हणजे हक्कच नाही, असंही नाही. हिंदू विवाह कायदा, 1955च्या कलम 25खाली कायमची पोटगी मागता येते आणि न्यायालय तिचा बोजा घरावर चढवू शकतं. घर विकलं जाण्याची भीती असेल तर वेळेत मनाईहुकूम मागावा.

मेसेजचं मूळ कदाचित गोव्यात असेल. तिथे वेगळा करार नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरतात.

खात्री करायची तर खरेदीखत आणि इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातला त्या दस्ताचा उतारा, काढा. ‘लिहून घेणार’, म्हणजे खरेदीदार, या रकान्यात कुणाची नावं आहेत, ते आधी वाचा.