गाठ लाल निघाली का?

सोयाबीन फुलोऱ्यात आलं की एक रोप खुरप्याने मातीसकट उचलावं. उपटू नये, कारण उपटलं की गाठी जमिनीतच राहतात आणि मुळं उगाच बोडकी दिसतात. मुळं पाण्यात हलकेच धुवून त्यावरची एक गाठ नखाने चिरावी. आतून गुलाबी-लाल निघाली तर ती कामावर आहे, म्हणजे तिच्यातले जिवाणू हवेतलं नत्र (नायट्रोजन) पिकासाठी पकडताहेत. पांढरी असेल तर अजून कोवळी किंवा निकामी, आणि हिरवट-तपकिरी असेल तर तिचं काम आटोपलेलं.

हा लाल रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नातलगाचा. हवेतल्या नत्राचा अमोनिया करणारं नायट्रोजिनेज हे विकर (एन्झाइम) ऑक्सिजनच्या संपर्कात आलं की बिघडतं. पण गाठीतल्या जिवाणूंना श्वासासाठी ऑक्सिजन तर हवाच. लेगहिमोग्लोबिन तो पकडून ठेवतं आणि जिवाणूंना मोजून-मापून देतं.

हे जिवाणू म्हणजे ब्रॅडीरायझोबियम, मुख्यतः जॅपोनिकम ही जात. शेंगवर्गीय पिकं हवेतलं नत्र घेतात ते गाठींच्या मदतीने, हे जर्मनीत हेलरीगेल आणि विलफार्थ यांनी 1880च्या दशकात दाखवलं. 1888 मध्ये नेदरलँड्सच्या बायरिंकने गाठीतले जिवाणू वेगळे काढले, आणि 1896 मध्ये नोबे आणि हिल्टनर यांनी जिवाणू संवर्धकाचं पेटंटही घेतलं. म्हणजे पेरणीआधी बियाण्याला चोळायचं ते जिवाणूंचं पाकीट काही नव्या जमान्याचं नव्हे.

ते चोळावं का लागतं? कारण कोणताही जिवाणू कोणत्याही पिकाला चालत नाही. सोयाबीनचं मूळ जेनिस्टीनसारखी रसायनं मातीत सोडतं. ती ओळखणारा जिवाणू उलट आपलं रसायन सोडतो, मग मुळावरचा केस वाकून त्याला आत घेतो. हरभऱ्याच्या जिवाणूला ही भाषाच कळत नाही. सोयाबीन मूळचं पूर्व आशियातलं, त्यामुळे इतरत्र जिथे ते पहिल्यांदा पेरलं जातं तिथल्या मातीत त्याचा जोडीदार बहुधा नसतो. अशा शेतात संवर्धकाचा फरक डोळ्यांना दिसतो. उलट, वर्षानुवर्षं सोयाबीन घेतलेल्या जमिनीत जुने जिवाणू ठाण मांडून असतात. ते कामाला आळशी असले तरी गाठीत जागा पटकवायला तरबेज असतात, आणि पाकिटातल्या नव्यांना पुष्कळदा बाहेरच ठेवतात.

आता खर्चाचं बोलू. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे 40 टक्के प्रथिनं आणि प्रथिनात साधारण 16 टक्के नत्र. म्हणजे एका क्विंटल दाण्यात सहा किलोंहून जास्त नत्र. त्यातला निम्मा किंवा त्याहून अधिक वाटा हवेतून येऊ शकतो. ब्राझीलमध्ये सोयाबीनला नत्रखत जवळजवळ देतच नाहीत. शास्त्रज्ञ योहाना डोबेराइनर यांच्यापासून चालत आलेल्या तिथल्या संशोधनाची ही कमाई, आणि त्याच परंपरेतल्या मारियांजेला हुंग्रिया यांना 2025 चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

पण हे नत्र फुकट नाही. नत्राचे दोन अणू तिहेरी बंधाने घट्ट बांधलेले असतात. असा एक रेणू फोडायला गाठीत किमान 16 एटीपी लागतात. एटीपी म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, आणि त्याच्या प्रत्येक रेणूत फॉस्फेटचे तीन गट. हा स्फुरद (फॉस्फरस) यात संपत नाही, एटीपी तुटतो आणि पुन्हा जुळतो. पण धंदा चालायला खेळतं भांडवल लागतंच. शिवाय नव्या पेशींची पटलं, त्यांचा डीएनए, सगळ्याला स्फुरद हवा. तो तुटपुंजा असला की झाड गाठी कमी करतं आणि आहेत त्याही बारीक राहतात.

इथेच निदान चुकतं. गाठी खुंटल्या की पीक पिवळं पडतं, लक्षण नत्राच्या कमतरतेचं दिसतं, म्हणून युरिया टाकला जातो. युरियामुळे मातीत नायट्रेट, म्हणजे पिकाला आयतं मिळणारं नत्र, वाढलं की झाड गाठींकडे आणखी दुर्लक्ष करतं. मूळ दुखणं स्फुरदाचं असेल तर ते तसंच राहतं.

स्फुरद द्यायचा तर कुठे, हे किती यापेक्षा कमी महत्त्वाचं नाही. आम्ल जमिनीत तो लोह-ॲल्युमिनियमला चिकटतो, चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियमला. मातीत तो सरकतो तोही काही मिलिमीटरच. म्हणून पेरणीच्या वेळी बियाण्याच्या खाली किंवा बाजूला तो पडावा, उभ्या पिकात वरून फेकलेला बराचसा वाया जातो. (सिंगल सुपर फॉस्फेटच्या पोत्यावरच्या 16 टक्क्यांचंही एक गंमतशीर आहे. तो आकडा ऑक्साइडच्या हिशेबातला असतो, शुद्ध स्फुरद जेमतेम 7 टक्के.) स्फुरद विरघळवणारे जिवाणूही मिळतात. ते सेंद्रिय आम्लं सोडून अडकलेला स्फुरद सोडवतात. काचेच्या तबकडीत हे फार देखणं दिसतं, शेतात निकाल बेभरवशाचे. शेवटी ते स्फुरद मोकळा करतात, निर्माण करत नाहीत. खताला पर्याय म्हणून मी त्यांच्यावर विसंबणार नाही.

पाकीट जिवंत आहे, हे मात्र सहज विसरलं जातं. उन्हात ठेवलं की मेलं. बियाण्याला बुरशीनाशक आधी, जिवाणू सगळ्यात शेवटी, सावलीत, आणि मग लगेच पेरणी. चोळलेलं बियाणं सुपर फॉस्फेटमध्ये कालवून पेरू नये, त्यातल्या आम्लाने जिवाणू मरतात.

आपल्या जमिनीला यातलं काय लागतं हे कळायला माती परीक्षणाच्या जोडीला शेताचे चार पट्टे पुरतात: एकाला काहीच नाही, एकाला फक्त जिवाणू, एकाला फक्त स्फुरद, एकाला दोन्ही. फुलोऱ्यात चारही पट्ट्यांतली पाच-पाच रोपं खणावीत आणि गाठी चिराव्यात. काहीच न दिलेल्या पट्ट्यातल्या गाठीही भरपूर आणि लाल निघाल्या, तर जुने जिवाणू काम करताहेत, आणि पाकिटाचे पैसे पुढच्या वर्षी वाचवता येतील का, याचा विचार करायला हरकत नाही.